गिरणेचा गोटा वस्तऱ्याला नको

‘गिरणा नदीतला काळा गुळगुळीत गोटा आणा, वस्तऱ्याला धार आलीच समजा,’ ही खानदेशातली जुनी समजूत. विळ्याला ठीक आहे हो, वस्तऱ्याला नाही. तो गुळगुळीतपणा नदीने घासून आणलेला, वरवरचा. हा दगड बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ. भिंगाखाली धरा: फेल्डस्पार या खनिजाचे कण चमकतात, कुठे बारीक पोकळ्या दिसतात. पातळ धार तिथेच दुखावते. वस्तऱ्याला एकसारखा, अतिबारीक दाणा लागतो. असा दाणा धारेच्या खास दगडांत मिळतो. अमेरिकेतला आर्कान्सा दगड जवळजवळ शुद्ध सिलिका, म्हणजे गारेचंच द्रव्य. बेल्जियमच्या कोटिक्यूल नावाच्या पिवळ्या दगडात गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म कण. त्याला तेलही लागत नाही, साधं पाणी पुरतं. शिवाय वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवून, धार पुढे ठेवून सरकवायची असते. गोल गोट्यावर ते जमणार कसं?