जुन्या यॉटच्या गळक्या खिडक्या: काम देण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या शिडाच्या बोटी बहुतेक १९७० ते १९९० च्या दरम्यान बांधलेल्या, फायबरच्या. सांगाडा अजून ठणठणीत असतो. डोलकाठी, शिडं, इंजिन यांवर मालकाने हात न आखडता खर्च केलेला असतो. आणि तरीही पावसाळा सरल्यावर केबिन उघडली की कुबट वास येतो, बर्थवरची गादी ओलीने जड झालेली असते आणि खिडकीखालच्या प्लायवुडवर काळा ओघळ उतरलेला असतो. हे पत्रक त्या ओघळाबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. गळणाऱ्या खिडकीवर बाहेरून सिलिकॉनचा आणखी एक थर मारून गळती थांबत नाही, थोडे दिवस झाकली जाते. पाणी आतल्या आत दुसरी वाट काढतं. पुढे नीट काम करायची वेळ येते तेव्हा ते जुने थर खरवडण्यातच आमचा बराचसा वेळ आणि तुमचे बरेचसे पैसे जातात. खिडकी पूर्ण काढायची, तिची बैठक साफ करायची आणि नव्याने बसवायची, हाच टिकणारा उपाय आहे.

पाणी खरंच खिडकीतूनच येतंय का?

फायबरच्या बऱ्याच बोटींत बाहेरची भिंत आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये पोकळी असते. पाणी वर कुठेतरी शिरतं, त्या पोकळीतून उतरतं आणि खिडकीच्या कापापाशी वाट मिळाली की बाहेर पडतं. दोष खिडकीवर येतो. खरा चोर मात्र हँडरेलचा स्क्रू असू शकतो, रेलिंगच्या खांबाचा पाय असू शकतो, पुढच्या शिडाच्या दोराचा ट्रॅक असू शकतो, नाहीतर डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या चेनप्लेट.

एक बत्तीस फुटी बोट आमच्याकडे आली तेव्हा तिच्या डाव्या बाजूच्या मोठ्या खिडकीवर सीलंटचे, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुकणाचे, चार थर होते: पांढरा, पारदर्शक, काळा आणि पुन्हा पांढरा. खिडकीला हात लावण्याआधी आम्ही पाण्याचा पाइप लावला. खिडकीवर वीस मिनिटं पाणी सोडलं, आत एक थेंब नाही. मग पाइप हातभर वर नेला आणि छपरावरच्या लाकडी हँडरेलच्या तिसऱ्या स्क्रूवर धरला. दोन मिनिटांत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून ठिबकायला लागलं. हँडरेल काढून भोकं साफ केली, ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घालून ती परत बसवली, आणि खिडकी तशीच ठेवली.

ही तपासणी तुम्हाला स्वतः करता येते, आणि करून याच. एक माणूस बाहेर पाइप घेऊन, एक आत टॉर्च घेऊन. अस्तराची जी पट्टी, जो पडदा निघेल तो आधी काढा. खिडकीच्या कडेने आत टिश्यू पेपर चिकटवा, त्यावर पहिला थेंबही लगेच दिसतो. सुरुवात सर्वांत खालून करा आणि दर दहा मिनिटांनी पाइप वीतभर वर सरकवा. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळत सगळ्याच जागा भिजवतं आणि काहीच कळत नाही. पाणी साधं वाहतं ठेवा, गाड्या धुण्याचा प्रेशरचा फवारा नको. तो चांगल्या खिडकीतूनही पाणी आत घुसवेल.

कधी गळतं हेही लिहून ठेवा. फक्त पावसात गळत असेल तर आडव्या पृष्ठभागांकडे, म्हणजे छप्पर आणि हॅच (छपरातली उघडणारी झडप) यांच्याकडे, आधी बघावं लागतं. मुरिंगवर (बांधून उभी असताना) कोरडी, पण वाऱ्यावर झुकून चालताना ओली होत असेल, तर बोटीच्या अंगाला पीळ पडून खिडकीचा सांधा उघडतोय किंवा चेनप्लेट हलतेय. पाणी वाळल्यावर पांढरी पूड उरत असेल तर ते समुद्राचं. ती जागा गोड्या पाण्याने पुसून घ्या. मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं आणि गळती बंद झाली तरी तिथली ओल हटत नाही.

पाइपने न सापडणारी गळती आम्ही उलट दिशेने शोधतो. केबिनची सगळी दारं-झडपा टेपने बंद करून ब्लोअरने आत हवा भरतो आणि बाहेरून साबणाचं पाणी लावतो. जिथे बुडबुडे येतात तिथे खडूने खूण.

तुमची खिडकी कोणत्या जातीची?

रबरी पट्टीची खिडकी ओळखायला सोपी. एसटीच्या जुन्या गाडीच्या पुढच्या काचेला असायचं तसं रबर, त्याच्या एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत केबिनची भिंत आणि मध्ये दाबून बसवलेली बारीक पट्टी. हे रबर उन्हात कडक होतं, आखडतं, आणि कोपऱ्यात फट पडते. यावर सीलंट भरू नका, रबरच बदला. काम सोपं आणि स्वस्त आहे. लांबच्या सफरींसाठी मात्र ही खिडकी आमच्या मते कमजोर. मोठ्या लाटेचा मार बसला तर काच आत येऊ शकते. लक्षद्वीपपर्यंत जायचा विचार असेल तर काम सुरू करण्याआधी आमच्याशी बोला.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमची खिडकी दोन ठिकाणी गळते: फ्रेम आणि भिंत यांच्यामधून, नाहीतर काच आणि फ्रेम यांच्यामधून. पहिली गळती फ्रेम काढून नव्याने बसवली की थांबते. दुसरीसाठी फ्रेमच उघडावी लागते, आणि तिथे जुने स्टेनलेसचे स्क्रू आड येतात. स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड धरते आणि स्क्रू जागीच जाम होतो. अशा वेळी जोर लावला तर स्क्रूचं डोकं तुटतं किंवा फ्रेम वाकते. त्यामुळे तेल घालून, थोडी ऊब देऊन, दोन-दोन दिवस थांबावं लागतं. परत बसवताना प्रत्येक स्क्रूला दोन धातूंना वेगळं ठेवणारं ग्रीस लावतो.

तिसरी जात म्हणजे बाहेरून थेट भिंतीवर बसवलेली ॲक्रिलिकची पाटी, कडेने बोल्टची रांग. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

ॲक्रिलिक वाढतं आणि आखडतं

रात्री २५ अंशांवर असलेली गडद ॲक्रिलिकची पाटी एप्रिलच्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापली, तर ९०० मिलीमीटर लांबीला ती सुमारे दोन मिलीमीटर वाढते. तिच्या मागची फायबरची भिंत निम्म्यानेही वाढत नाही. म्हणजे पाटी रोज सरकते आणि रोज परत येते. बोल्टचं भोक अगदी नेमक्या मापाचं असेल तर ती बोल्टवर अडते आणि भोकाभोवती चांदीसारख्या बारीक भेगा पडतात. बोल्ट करकचून आवळला असेल तर सीलंट सगळं बाहेर पिळलं जातं, मध्ये कागदाएवढा थर उरतो, आणि एवढा पातळ थर दोन मिलीमीटरची ओढ सोसू शकत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. म्हणून गळायला लागल्यावर बोल्ट आणखी आवळणं हा उलटा उपाय आहे.

आम्ही ५ मिलीमीटरच्या बोल्टला ७ ते ८ मिलीमीटरचं भोक पाडतो, बोल्टचं डोकं सपाट बुडाचं वापरतो आणि खाली रुंद वायसर घालतो. पाटीच्या मागे ३ मिलीमीटर जाडीचे छोटे तुकडे ठेवतो, म्हणजे सीलंटचा थर तेवढा जाड राहतोच. पाटी कास्ट, म्हणजे साच्यात ओतून बनवलेल्या, ॲक्रिलिकची. जाडी मूळ पाटीपेक्षा कमी कधीच नाही. मोठ्या खिडकीला आयएसओ १२२१६ या बोटींच्या खिडक्यांच्या मानकाप्रमाणे जाडी पुन्हा तपासतो. नवी पाटी जुनीवरून कापत नाही, हार्डबोर्डचा साचा थेट भोकावरून काढतो, कारण जुनी पाटी बहुधा आधीच कुणीतरी अंदाजाने कापलेली असते.

सीलंट कोणतं?

दुकानात मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन बाथरूमसाठी ठीक आहे. त्यातून निघणारं आम्ल धातूला खातं, म्हणून बोटीला नको. पॉलिसल्फाइड लाकडी डेकच्या सांध्यांसाठी उत्तम, पण ॲक्रिलिकला ते खराब करतं. पॉलियुरेथेन चिवट असतं, मात्र पारदर्शक पाटीमागून थेट ऊन लागलं तर त्याची पकड सुटते. ते वापरायचं असेल तर प्लास्टिकसाठी बनवलेला प्रकार, सोबत प्रायमर आणि कडेला काळा पट्टा लागतो. ॲक्रिलिकच्या पाट्यांसाठी आम्ही बहुतेक वेळा न्यूट्रल क्युअर (वाळताना आम्ल न सोडणारं), बांधकाम दर्जाचं सिलिकॉन वापरतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ब्यूटाइल टेप. ती कधी वाळत नाही, सांधा हलला तरी सोबत हलते, आणि वीस वर्षांनी फ्रेम काढायची वेळ आली तर फ्रेम न मोडता निघते. टेप घातल्यावर स्क्रू एकदम आवळत नाही. तीन-चार दिवस रोज थोडं-थोडं, बाहेर आलेली टेप कापत.

सीलंट कितीही महागाचं आणा, खालची जागा स्वच्छ नसेल तर ते वाया जातं. जुनी पाटी सोडवायला आम्ही सतारीला असते तसली बारीक पोलादी तार दोन लाकडी मुठींना बांधून करवतीसारखी ओढतो. मग प्लास्टिकच्या पात्याने खरवडणं आणि पॉलिश पेपर. शेवटी भिंतीवर पाणी शिंपडतो. पाणी सलग पसरलं तर जागा तयार. थेंब गोळे होऊन बसले तर तिथे अजून सिलिकॉन किंवा मेण आहे, पुन्हा घासायचं. या कामाला एका खिडकीमागे कधी अख्खा दिवस जातो आणि बिलात तो दिवस दिसतो. तो वाचवावा असं आम्हाला वाटत नाही.

खिडकी काढल्यावर काय सापडेल

अनेक बोटींच्या केबिनच्या भिंतीत दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड असतं. कापलेली कड उघडी राहिली असेल तर इतक्या वर्षांच्या पाण्याने ते लाकूड कुजलेलं असतं, पेचकस टोचला की ओल्या भुशासारखं बाहेर येतं. अशा वेळी आम्ही काम थांबवून तुम्हाला बोलावतो आणि दाखवतो. कुजलेला भाग काढून, उरलेला पूर्ण वाळवून, कड घट्ट इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या रेझिनने) भरावी लागते. हा खर्च खिडकी उघडल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून आमच्या अंदाजपत्रकात त्याची जागा वेगळी आणि रिकामी असते. ओल्या लाकडावर नवी खिडकी बसवून देणार नाही. त्यावर कृपया आग्रह करू नका.

केव्हा आणायची

डिसेंबर ते मार्च सगळ्यांत उत्तम. मेमध्ये बोट पावसाळ्यासाठी वर काढल्यावर आणलीत तरी चालेल, पण तेव्हा शेडमध्ये गर्दी असते. जून ते सप्टेंबर आम्ही खिडक्या चिकटवत नाही. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यावरच वाळतं हे खरं, पण ओलसर पृष्ठभागाला ते धरत नाही, आणि इपॉक्सीवर दमट हवेत मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. पावसाळ्यात गळती लागलीच तर ताडपत्री बांधा, मात्र दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा ठेवा. पूर्ण गुंडाळलेल्या बोटीत गळतीइतकीच बुरशी होते.

उघडणाऱ्या झडपांचं आधी घरीच बघा. रबरावर कागदाची पट्टी ठेवून झडप बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर दबून मेलेलं आहे. नवं रबर आम्ही मीटरवर देतो, तुम्ही स्वतः लावू शकता.

काम झाल्यावर सात दिवस खिडकीवर पाण्याचा मारा नको आणि बोट समुद्रात नको. सीलंट कडेकडून आत, दिवसाला जेमतेम दोन-तीन मिलीमीटर वाळत जातं. ॲक्रिलिक पुसायला गोडं पाणी, दोन थेंब साबण आणि मऊ सुती कापड. काचा पुसायचा अमोनियाचा फवारा, स्पिरिट, थिनर, ॲसिटोन यांतलं काहीही लावू नका. नव्या पाटीवरही त्याने भेगा पडतात.

येताना खिडकीचे आतून आणि बाहेरून फोटो, पाइपच्या तपासणीची टिपणं आणि आधी कोणतं सीलंट लावलं असेल त्याची रिकामी नळी आठवणीने आणा.