चेंडूचा टणकपणा आणि चेंडूची उसळी

चेंडू निवडताना बहुतेक जण तो आधी अंगठ्याने दाबून पाहतात. अंगठा आत गेला नाही म्हणजे चेंडू चांगला, आणि चांगला म्हणजे तो उंच उसळणार, असा त्यामागचा हिशेब असतो. फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या बाबतीत हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर निघतो, म्हणून तो इतर सगळ्या चेंडूंनाही लावला जातो आणि टणकपणा व उसळी या दोन वेगळ्या गुणांची गल्लत होते.

चेंडू ठरावीक अंतर आत दाबण्यासाठी किती जोर लावावा लागतो, एवढेच टणकपणा सांगतो. उसळीचा प्रश्न त्यानंतरचा आहे. जमिनीवर आदळलेला चेंडू काही सहस्रांश सेकंद चपटा होतो, त्याच्या गतीतली ऊर्जा त्या चपटेपणात साठते, आणि तो पुन्हा गोल होताना त्या ऊर्जेचा जेवढा वाटा गतीच्या रूपाने परत मिळतो तेवढी त्याची उसळी असते. उरलेला वाटा मुख्यतः चेंडूच्या आतच उष्णता होऊन जातो. चेंडू किती दबला याला इथे फारसे महत्त्व नाही. दबल्यावर त्याने किती परत केले, याला आहे.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर भौतिकशास्त्राच्या वर्गात दाखवली जाणारी दोन काळ्या चेंडूंची जोडी पाहावी. दोन्ही चेंडू सारख्याच आकाराचे असतात, हातात घेऊन दाबले तर कोणता कोणता हे सांगणे कठीण जाते. पण एकाच उंचीवरून सोडल्यावर एक टणकन वर येतो आणि दुसरा थप्प आवाज करून पडल्या जागी बसतो. उसळणारा चेंडू निओप्रीन नावाच्या रबराचा असतो आणि न उसळणारा पॉलीनॉरबॉर्नीनचा. या दुसऱ्या रबरातल्या रेणूंच्या लांब साखळ्या दबताना आणि सुटताना एकमेकींवर इतक्या घासल्या जातात की साठलेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत जिरून जाते. अंगठ्याला हे कळण्याचा काहीच मार्ग नाही, कारण अंगठा फक्त दाबतो. चेंडू किती वेगाने आणि किती जोराने परत येतो हे तो मोजत नाही.

खेळातल्या चेंडूंमध्येही असाच विरोध दिसतो. क्रिकेटचा चेंडू अंगठ्याने तसूभरही दबत नाही, तरीही काँक्रीटवर सोडला तर सोडलेल्या उंचीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही, कारण त्याच्या पोटातले कॉर्क आणि त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा दबताना बरीच ऊर्जा खातात. टेबल टेनिसचा 2.7 ग्रॅमचा चेंडू मात्र चिमटीत धरून जोराने दाबला तर चेपतो, आणि नियमांनुसार टेबल असे हवे की 30 सेंटिमीटरवरून सोडलेला हा चेंडू सुमारे 23 सेंटिमीटर उसळावा. म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक उंची परत मिळते.

मग फुटबॉलच्या बाबतीत अंगठ्याची परीक्षा का जमते? हवा भरलेल्या चेंडूत दाबाखालची हवा आणि तिच्याभोवतीचे आवरण अशा दोन स्प्रिंगा एकत्र काम करतात. दबलेली हवा आपली ऊर्जा जवळजवळ पूर्ण परत करते, तर आवरण वाकताना आणि सरळ होताना बरीचशी गमावते. पंपाने दाब वाढवला की आघाताचा अधिक भार हवेवर येतो, आवरण कमी वाकते, आणि चेंडू एकाच वेळी अधिक टणकही होतो व अधिक उसळणाराही. दोन्ही गुण एकाच कारणाने वाढतात, म्हणून ते एकच आहेत असा समज होतो. माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ इथे आहे.

टणकपणा आणि उसळी यांची ही जोडी तापमानामुळेही वेगळी होते. आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा 1 वातावरणाने (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका) जास्त ठेवून 30 अंश सेल्सिअसला भरलेला फुटबॉल 5 अंशांवर नेला, तर हवा आकसून हा जादा दाब साधारण 0.83 वातावरणावर येतो. त्या थंडीत आवरणही कडक होते, पण त्या कडकपणाने उसळी वाढत नाही. स्क्वॉशमध्ये हे अधिक स्पष्ट दिसते. पिवळ्या ठिपक्यांच्या स्पर्धेच्या चेंडूसाठी 254 सेंटिमीटरवरून सोडल्यावर 23 अंशांना किमान 12 टक्के आणि 45 अंशांना 26 ते 33 टक्के उसळी हवी, असे मानक आहे. खेळाडू सामन्याआधी चेंडू भिंतीवर आपटत राहतात ते याचसाठी; आपटून आपटून चेंडू तापतो, रबर कमी ऊर्जा खाऊ लागते आणि आतली हवा फुगते.

मोजमापातली एक बारकाई इथे नोंदवायला हवी. टेनिसचा नेहमीचा चेंडू 254 सेंटिमीटरवरून सोडल्यावर 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे, म्हणजे उंची 53 ते 58 टक्के परत येते. टप्प्यानंतरच्या आणि टप्प्याआधीच्या वेगाचे गुणोत्तर मात्र उंचीच्या या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे 73 ते 76 टक्के असते. एकाच चेंडूचे हे दोन आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वाचून गोंधळून जाऊ नये.

शेवटी जमीन. आघातात जी बाजू मऊ असते तीच जास्त दबते, म्हणून मऊ चेंडू काँक्रीटवर पडो की लाकडी फरशीवर, दबण्याचे बहुतेक काम तोच करतो आणि त्याची उसळी फारशी बदलत नाही. टणक चेंडूच्या बाबतीत उलट घडते. पोलादाची गोळी जाड पोलादी ठोकळ्यावर उत्तम उसळते आणि तीच वाळूत पडली की रुतून बसते. क्रिकेटचा चेंडू रोलर फिरवलेल्या कोरड्या खेळपट्टीवर छातीपर्यंत येतो, पण ओलसर खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी छोटा खळगा पडतो. तो खळगा खणण्यात खर्च झालेली ऊर्जा चेंडूला परत मिळत नाही, मग चेंडू कितीही टणक असो.