हिरडीचं कलम आणि टाळूची जखम

हिरडीवर शस्त्रक्रिया करायची म्हटली की धास्ती हिरडीचीच वाटते. पण ज्यांनी ती करून घेतली आहे त्यांना विचारलं, तर बहुतेक जण जीभ वर लावून टाळू दाखवतात. मीही तेच करते. माझ्या खालच्या पुढच्या दाताची हिरडी तीन मिलिमीटर उतरली होती. तिथे टाळूवरचा छोटा तुकडा शिवला. हिरडीचे टाके दुसऱ्या दिवसापासूनच सुसह्य होते. टाळूवर मात्र गरम चहा सांडून पोळल्यासारखी आग आठवडाभर होती.

हिरडी उतरण्याची कारणं बरीच आहेत. ब्रश करताना वर्षानुवर्षं लावलेला जोर, मुळातच पातळ असलेली हिरडी, पुढे आलेला दात, हिरड्यांचा जुना आजार. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखूचाही वाटा मोठा आहे. तंबाखूची गोळी रोज जिथे दाबून ठेवली जाते, नेमकी तिथली हिरडी मागे हटलेली दिसते. दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कवच असतं, मुळावर ते नसतं, आणि हिरडी उतरली की तेच मूळ उघडं पडतं. मुळाच्या आत अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. थंड पाणी लागलं की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळ जाते. ताकाचा घोट घेताना डोळ्यांत पाणी येतं ते यामुळे.

यावर हिरडीचं कलम करतात. शब्द आंब्याच्या बागेतला असला तरी इथे चपखल बसतो, कारण दोन्हीकडे गरज एकच असते : जोड घट्ट बसला पाहिजे आणि हलता कामा नये. टाळूवरून काढलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस तो खालच्या भागातून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरू लागतात. याच दिवसांत ओठ ओढून आरशात पाहिलं की तुकडा सरकू शकतो आणि हा जोड तुटतो. ‘बघू नका’ असं डॉक्टर बजावतात ते याचसाठी.

मी पाचव्या दिवशी पाहिलंच. कलमावर पांढरट, ओला पापुद्रा दिसला आणि ते सडलं असं वाटून हातपाय गार पडले. रात्रभर झोप नाही. सकाळी कळलं की वरची पातळ त्वचा अशीच गळून पडते आणि खालून नवी येते. हे एक वाक्य मला आधी सांगितलं गेलं असतं तर ती रात्र टळली असती. रुग्णाचा अनुभव वेदनेइतकाच अशा न सांगितलेल्या गोष्टींनी घडतो, असं माझं ठाम मत आहे.

टाळूच का दुखते? तुकडा काढायच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत वरच्या त्वचेसकट तुकडा घेतात आणि जखम उघडी राहते. ती कडेकडून भरत येते, त्याला दोन ते चार आठवडे लागतात. दुसरीत टाळूची त्वचा दारासारखी उघडून आतला संयोजी थर, म्हणजे त्वचेखालचा तंतुमय थर, काढतात आणि दार पुन्हा शिवतात. वेसेल आणि टाटाकिस या संशोधकांनी २००८ साली दोन्ही रीतींची तुलना केली. तिसऱ्या दिवशी टाळूचं दुखणं उघड्या जखमेच्या गटात जास्त आढळलं. इथवर अपेक्षितच. पण इटलीतल्या बोलोन्याच्या झुकेल्ली यांच्या संशोधक गटाने २०१० साली रुग्णांनी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब ठेवला, तेव्हा दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. गोळ्या वाढल्या त्या मोठा तुकडा काढलेल्यांच्या, आणि शिवलेलं दार मरून उघडं पडलेल्यांच्या. म्हणजे रीतीच्या नावापेक्षा तुकडा किती मोठा घेतला याला महत्त्व आहे. शस्त्रक्रिया जितकी लांबते तितकं दुखणं आणि सूज वाढते, हेही २००६ सालच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं. धूम्रपान करणाऱ्यांना सूज जास्त येते आणि मूळही कमी झाकलं जातं.

आता समाधानाबद्दल. दंतवैद्य यश मोजतात ते मूळ किती टक्के झाकलं यावर. रुग्ण कशावर मोजतो? फ्लॉरेन्सच्या निएरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १२० जणांना तपासून त्यांच्या उतरलेल्या हिरड्यांबद्दल विचारलं. दर चारांतल्या जवळपास तीन जागा खुद्द रुग्णांना माहीतच नव्हत्या, आणि उपचार मागितले फक्त ११ जणांनी. त्यामुळे कोण कशासाठी आलं आहे हे आधी विचारणं फार गरजेचं आहे. कळ थांबावी म्हणून आलेल्याला मुळाचा अर्धा मिलिमीटर उघडा राहिला तरी चालतं. हसताना लांब दिसणारा दात लपवायला आलेल्याला तोच अर्धा मिलिमीटर सलत राहतो. शिवाय दोन दातांमधलं हाड झिजलं असेल तर मूळ पूर्ण झाकणं शक्यच नसतं. तिथे रक्त पुरवणारी बाजूची ऊतीच उरलेली नसते, आणि हे तपासणीत आधीच कळतं.

टाळू वाचवायची तर डुकराच्या कोलेजनपासून किंवा दान केलेल्या मानवी त्वचेपासून बनवलेले पर्याय आहेत. जखम एकच होते, पण मूळ झाकण्यात स्वतःची ऊती सहसा सरस ठरते. हे साहित्य कुठून येतं ते रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडे अनेकांसाठी हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि तो टाके घातल्यावर उपस्थित होऊ नये.

टाळूची उघडी जखम झाकायला पारदर्शक प्लास्टिकची प्लेट मिळते. मला ती दिली होती आणि जेवताना तिचा फार आधार वाटला. पहिले चार दिवस थंड पेज, दहीभात आणि कोमट वरण. तिखटाचा कण नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्यांनी दातांवर तपकिरी डाग आले, ते नंतर सफाईत निघाले.

माझ्या कलमाचा हेतू मूळ झाकण्याचा नव्हता, घसरण थांबवण्याचा होता. डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून समजावलं होतं, त्यामुळे तीन मिलिमीटरचे दोन झाले तेव्हा मला आनंदच झाला. काहींची हिरडी पुढे महिनोन्‌महिने आपसूक मूळ झाकत थोडी सरकत राहते. माझीही सरकली, आज मूळ दीड मिलिमीटर उघडं आहे. ठिगळ मात्र फिकटच आहे, शेजारच्या हिरडीत मिसळलेलं नाही. कारिंग, लांग आणि ल्यो यांनी १९७५ साली माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की वरची त्वचा कशी घडेल हे आतला संयोजी थर ठरवतो. माझ्या तुकड्यातला तो थर टाळूचाच, म्हणून खालचा ओठ ओढला की गुलाबी हिरडीत तो चौकोन वेगळा दिसतो, टाळूच्या रंगाचा.