हेझी पेल एलचे गढूळपण आले कुठून?

हेझी (म्हणजे गढूळ) पेल एल ही बिअर ग्लासात ओतली की आधी लक्ष जाते ते तिच्या रंगाकडे. मोसंबीच्या रसासारखी फिकट पिवळी आणि ग्लासापलीकडचे बोट दिसू नये इतकी गढूळ. ग्लास नाकाशी नेल्यावर पपनस, पिकलेला आंबा, कधी पेरू असे वास येतात, पण एरवी तिच्यात फळाचा थेंबही नसतो. हा सगळा वास हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. घोट घेतल्यावर जिभेला दुधाळ म्हणावा असा मऊपणा जाणवतो, आणि कडवटपणा येतो तो शेवटी, तोही बेताने. पेल एल या जुन्या पेयाची ओळख नेमकी याच्या उलट होती, म्हणून ही चव समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मोड आणलेले बार्ली लाकडाच्या जाळाऐवजी कोकच्या, म्हणजे धूर न करणाऱ्या कोळशाच्या, आचेवर वाळवण्यास सुरुवात झाली, धुराचा वास गेला आणि माल्ट फिकट रंगाचे होऊ लागले. ‘पेल’, म्हणजे फिकट, हे विशेषण त्या माल्टचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन यांच्या भट्टीतली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई आणि कलकत्त्याला येऊ लागली. हा प्रवास केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, काही महिन्यांचा असे. ही बिअर खास भारतासाठी शोधून काढली गेली, ही कथा वारंवार सांगितली जाते, परंतु ती खरी नाही. ऑक्टोबरमध्ये गाळून दीर्घकाळ मुरवायची अशी कडक बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती आणि तिला समुद्रप्रवास मानवला, एवढेच. तो मानवला याचे मोठे श्रेय हॉप्सला जाते. हॉप्समधील आम्ले उकळल्यावर कडू होतात आणि बिअर आंबवून नासवणाऱ्या अनेक जिवाणूंना रोखतात. शिवाय पिंप बंद करण्यापूर्वी त्यात कोरडी फुले टाकली जात. पुढे 1820च्या दशकात बर्टन गावातील ऑलसॉप यांच्यासारखे उत्पादक या व्यापारात उतरले, आणि तेथील जिप्सम (एक प्रकारचे सल्फेट) असलेल्या पाण्याने हा कडवटपणा अधिकच धारदार केला.

अमेरिकेत या प्रकाराचे पुनरुज्जीवन झाले ते कॅस्केड या हॉप्सच्या वाणामुळे. 1972 साली प्रसारित झालेल्या या वाणाला लिंबूवर्गीय फळांचा ठसठशीत वास होता. 1978च्या कायद्याने घरी बिअर गाळण्यास संघराज्याच्या पातळीवर मुभा मिळाली आणि 1980 साली कॅलिफोर्नियातील चिको येथे सिएरा नेवाडाची पेल एल तयार होऊ लागली. पुढची वीस-पंचवीस वर्षे पश्चिम किनाऱ्यावर जणू कडवटपणाची चढाओढ चालली. बिअर मात्र नितळच हवी असे. गढूळ पेल एल म्हणजे गाळताना काहीतरी चुकले, असा सरळ हिशेब होता.

हा हिशेब अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात बदलला. बर्लिंग्टन येथे 1988 साली ब्रूपब (जिथे बनते तिथेच बिअर विकणारा पब) सुरू करणाऱ्या ग्रेग नूनन यांच्याकडे एक इंग्लिश यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारे किण्व, होते. त्यांच्याकडे काम केलेले जॉन किमिक यांनी पत्नी जेन यांच्यासह 2003 साली वॉटरबरी येथे ‘द अल्केमिस्ट’ उघडले आणि त्याच यीस्टवर ‘हेडी टॉपर’ ही तीव्र आयपीए (इंडिया पेल एल, पेल एलचा अधिक कडक प्रकार) तयार केली. तिला ते मुद्दाम फिल्टर करत नसत, कारण फिल्टरबरोबर वासही निघून जातो. ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुरात त्यांचा पब उद्ध्वस्त झाला, पण कॅन भरण्याचा नवा कारखाना वाचला आणि पुराच्या ऐन दिवसांतच सुरू झाला. तोवर फक्त पबमध्ये मिळणारी बिअर त्यामुळे दूरवर पोहोचली. ती कॅनमधूनच प्यावी, अशी सूचना कॅनवर छापलेली असे. हेझी बिअरची ही पहिली मोठी लाट डोळ्यांसाठी नव्हतीच, हे त्यावरून कळते.

वासाच्या या ओढीतून पुढची सारी पद्धत घडली. हॉप्स उकळण्याच्या सुरुवातीला टाकले तर कडवटपणा उतरतो आणि उडून जाणारी तेले वाफेबरोबर जातात. म्हणून बहुतेक हॉप्स आच बंद केल्यावर आणि आंबण्याच्या टाकीत टाकले जाऊ लागले. आंबणे चालू असताना टाकलेल्या हॉप्समधील काही सुगंधी द्रव्यांचे यीस्ट रूपांतर करते. मऊपणासाठी ओट्स आणि गहू आले, आणि पाण्यात बर्टनच्या सल्फेटऐवजी क्लोराइडचे प्रमाण वाढवले गेले. धान्यातील प्रथिने आणि हॉप्समधील पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्ये यांची जोडी जमली की ती तरंगत राहते. गढूळपण ते हेच. ते या पद्धतीचे फळ आहे, उद्दिष्ट नव्हे, आणि केवळ रंगरूपासाठी पीठ मिसळून आणलेले गढूळपण मला अप्रामाणिक वाटते.

2018 साली ब्रूअर्स असोसिएशन या अमेरिकेतील बिअर उत्पादकांच्या संघटनेने ‘ज्यूसी ऑर हेझी’ हे प्रकार अधिकृत शैलींत समाविष्ट केले. त्यांत पेल एल ही आयपीएची सौम्य बहीण ठरली, मद्यार्क साधारण पाच टक्के. जमवायला हीच अधिक अवघड, कारण मद्यार्काच्या आड लपायला तिला जागा नसते.

पुण्यात 2009 साली डूलालीची मायक्रोब्रूअरी, म्हणजे बिअरची छोटी भट्टी, सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत ताजी बिअर टॅपवरून मिळू लागली. हेझी पेल एलसाठी हे जवळपण मोलाचे आहे. ज्या हॉप्सने एके काळी पेल एलला मुंबईच्या धक्क्यापर्यंत टिकवले, त्याच हॉप्सचा वास हवेतल्या प्राणवायूपुढे फार काळ टिकत नाही. म्हणून चाखण्याआधी कॅनच्या तळाची तारीख पाहावी. कॅन उन्हात किंवा दुकानाच्या फळीवर फार दिवस राहिला असेल, तर पिवळा रंग करडा-तपकिरी होतो, आंब्याचा वास जातो आणि नाकाशी येतो तो ओल्या पुठ्ठ्याचा वास.