एदेन बागेतलं ते फळ सफरचंद होतं का?

"हव्वेनं सफरचंद खाल्लं, असं बायबलमध्ये लिहिलंय." हा मेसेज नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर डिसेंबरला फिरतो. एदेन म्हणजे बायबलच्या कथेतल्या पहिल्या स्त्री-पुरुषाची, हव्वा आणि आदामाची बाग; तिथलं देवानं मना केलेलं फळ दोघांनी खाल्लं, अशी ती कथा. त्या प्रसंगाची सफरचंदवाली इतकी चित्रं पाहिल्यावर तसं वाटणं अगदी साहजिक आहे.

पण मूळ पुस्तक उघडून बघा. मराठी बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय जेमतेम 24 ओव्यांचा आहे, चहा संपेपर्यंत वाचून होतो. तिथे शब्द आहे नुसता 'फळ'. मूळ हिब्रूतही 'पेरी', म्हणजे फळच. झाडाचं नाव येतं ते सातव्या ओवीत, तेही अंजिराचं, कारण दोघं त्याची पानं शिवून अंगाला गुंडाळतात.

मग सफरचंद आलं कुठून? लॅटिनमध्ये 'मालुम' म्हणजे सफरचंद आणि 'वाईट'सुद्धा, फरक फक्त पहिल्या स्वराच्या लांबीचा. गैरसमज या साम्यातून झाला, असं सहसा सांगतात. मला ते अपुरं वाटतं, कारण जुन्या लॅटिन भाषांतरातही इथे 'फ्रुक्टुस', म्हणजे फळ, हाच शब्द आहे. सफरचंद घट्ट रुजवलं ते युरोपातल्या चित्रकारांनी आणि कवींनी. जुन्या ज्यू परंपरेत अंजीर, गहू अशी मतं आहेत, आणि आपल्या नाशिककरांना आवडेल असं एक: द्राक्ष!

पडताळणीसाठी बायबलची शब्दसूची घ्या. प्रत्येक शब्द कुठल्या ओवीत येतो, ते त्यात अकारविल्हे दिलेलं असतं. 'सफरचंद' काढलंत की बायबलमधली गीतरत्नासारखी पुस्तकं सापडतील, उत्पत्ती नाही.