विखुरलेले किरण आणि डॉक्टरांचे डोळे

कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांचं चित्र बघत हृदयावर उपचार करण्याच्या खोलीत, हृदयाच्या धमनीत तार सरकवणाऱ्या डॉक्टरच्या अंगावर पडणारे क्ष-किरण थेट ट्यूबमधून येत नाहीत, ते रुग्णाच्या शरीरातून येतात. झोत शरीरावर पडला की त्यातले काही किरण चहूकडे विखुरतात. एक मीटरवर त्यांची तीव्रता रुग्णाच्या त्वचेवरच्या झोताच्या साधारण हजारावा भाग उरते. अर्ध्या मीटरवर ती चौपट होते, आणि डॉक्टर उभे असतात ते अशाच हातभर अंतरावर, तेही वर्षानुवर्षे.

याची झळ डोळ्याच्या भिंगाला लवकर लागते. भिंगाच्या पुढच्या थरातल्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात. किरणांनी बिघडलेल्या पेशी सरकत सरकत भिंगाच्या मागच्या बाजूला साचतात आणि तिथे मोतीबिंदू धरतो, बरेचदा कित्येक वर्षांनी. म्हणूनच आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ साली भिंगासाठीची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून (किरणांच्या मात्रेचं एकक) २० वर आणली (पाच वर्षांची सरासरी, एका वर्षात कमाल ५०). कर्करोगाचा धोका लहान मात्रेत लहानच असतो, पण तो शून्य होईल अशी सुरक्षित रेघ गृहीत धरली जात नाही.

शिशाचा चष्मा घातला की काम झालं, हा समज घातक आहे. डॉक्टरची नजर मॉनिटरवर असते आणि रुग्ण असतो खाली, एका बाजूला. त्यामुळे किरण काच टाळून गाल आणि चष्म्याच्या फटीतून वर शिरतात. चष्मा गालाला लागून बसणारा आणि बाजूंनीही शिसं असलेला हवा. छताला टांगलेली शिशाची काच मात्र त्याहून मोलाची, कारण ती चेहरा आणि मान दोन्ही झाकते. ती रुग्णाच्या अंगालगत ओढून घ्यावी. वर ढकलून ठेवलेली काच कोणाचंच रक्षण करत नाही.

ट्यूब टेबलाखाली ठेवावी, कारण झोत शिरतो त्या बाजूला विखुरणं सर्वात जास्त असतं. सी-आर्म (ट्यूब आणि डिटेक्टर धरणारा सी आकाराचा दांडा) तिरका केला की ट्यूबच्या बाजूला उभं राहणं टाळावं. डिटेक्टर (किरण टिपून चित्र बनवणारा भाग) रुग्णाच्या जवळ आणावा, झोत हवा तेवढाच उघडावा. सेकंदाला किरणांच्या १५ ऐवजी साडेसात पल्स (झटके) पुरत असतील तर मात्रा जवळपास निम्म्यावर येते. आणि मॉनिटरकडे बघत नसताना पाय किरण सुरू करणाऱ्या पेडलवरून काढावा!

अर्धा मिलिमीटर शिशाचा अॅप्रन विखुरलेल्या किरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक अडवतो, पण तो खुर्चीवर घडी करून टाकला की आतल्या थराला भेगा पडतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. वर्षातून एकदा अॅप्रन फ्लुओरोस्कोपीखाली (क्ष-किरणांच्या चालू चित्राखाली) पसरून पाहावा, भेगा लगेच कळतात.

अंगावर पडलेले किरण मोजणारा बॅज एक असेल तर तो अॅप्रनच्या आत, छातीवर लावावा. दुसरा मिळाला तर कॉलरवर, अॅप्रनबाहेर. डोळ्यांच्या मात्रेचा अंदाज त्यावरूनच येतो. मर्यादा जवळ आली म्हणून बॅज लॉकरमध्ये ठेवून काम करणारे आहेत. त्यांच्या नोंदवहीत शून्य लागतं, किरण मात्र अंगावर पडतच राहतात आणि ते किती पडले हे पुढे कुणालाही नेमकं शोधून काढता येत नाही.