हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली

दक्षिण वेल्समधील एका कोळसा खाणीच्या गावाची आणि त्या गावातील मॉर्गन कुटुंबाची कथा सांगणारा कृष्णधवल अमेरिकन चित्रपट (१९४१). दिग्दर्शक जॉन फोर्ड, निर्माता डॅरिल झॅनक, पटकथाकार फिलिप डन. रिचर्ड लुएलिन यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

कथेचा काळ व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध हा असला, तरी चित्रपटात सालाचा उल्लेख जवळजवळ नाही. उतारवयाला लागलेला मॉर्गनांचा धाकटा मुलगा ह्यू आईच्या जुन्या शालीत आपले सामान बांधून गाव सोडण्याच्या तयारीत आहे, आणि आपण जे पाहतो ते त्याला आठवणारे बालपण आहे. म्हणूनच आरंभी दिसणारे उजाड, राखेने माखलेले गाव आठवणीत शिरताच स्वच्छ होते. पुढे खाणीतून निघालेल्या टाकाऊ मालाचे काळे ढिगारे डोंगरउतारावर हळूहळू पसरू लागतात. ऐतिहासिक चित्रपट म्हणून या कृतीचे मोल ठरवताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण तीत इतिहासातील तपशिलापेक्षा स्मरणाचा क्रम अधिक पाळलेला आहे.

पगाराच्या दिवशी बाप ग्विलिम आणि त्याचे थोरले मुलगे काळवंडलेल्या तोंडांनी गाणी म्हणत उतारावरून घरी येतात, दारात बसलेल्या आईच्या ॲप्रनमध्ये एकेक जण आपली नाणी टाकतो, मग अंगणात गरम पाण्याने अंग घासून सगळे मुकाट्याने जेवायला बसतात. घराची सारी व्यवस्था आणि मिळकत कोणाच्या हाती आहे, हे एवढ्यावरून कळते. पुढे खाणीतील मजुरी घटते आणि त्याचे कारणही कथेतच येते: जवळचा लोखंडाचा कारखाना बंद पडल्यामुळे बेकार झालेली माणसे मिळेल त्या दराने खाणीत उतरायला तयार असतात. संघटना बांधू पाहणारे मुलगे आणि मालकाच्या सचोटीवर भिस्त ठेवणारा बाप यांच्यात तेथूनच फूट पडते. खाणीत संप होतो, आणि तो लांबतो तशी गावाची बापावरची नाराजी वाढते. आई बेथ भर हिमवर्षावात संपकऱ्यांच्या सभेत जाऊन नवऱ्याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही असे बजावते, आणि परतताना ती व ह्यू गोठत्या पाण्यात पडतात. पांगळ्या झालेल्या ह्यूला पुन्हा चालायला लावणारे धर्मोपदेशक ग्रिफिड यांच्यावर बहीण अँगहॅरड हिचे प्रेम असते. पण त्यांच्या तुटपुंज्या मिळकतीमुळे ते जुळत नाही आणि तिचे लग्न खाणमालकाच्या मुलाशी लागते. लग्नानंतर ती चर्चबाहेर पडते तेव्हा वाऱ्याने तिचा घुंगट उंच उडतो आणि दूर मागे झाडाखाली ग्रिफिड एकटे उभे असलेले दिसतात. तेथे फोर्ड त्यांचा चेहरा जवळून दाखवत नाही, आणि हा संयमच प्रसंगाला धार देतो. मुलगे एकामागून एक परदेशी जातात. ह्यू नकाशावर घरापासून रेघा ओढून ते कोठे आहेत हे आईला दाखवू लागतो, पण तिच्या लेखी ते घरातच असतात.

मूळ बेत वेगळाच होता. झॅनकला प्रत्यक्ष वेल्समध्ये चित्रित केलेला भव्य रंगीत चित्रपट हवा होता आणि दिग्दर्शनासाठी विल्यम वायलर यांची निवड झाली होती. दुसऱ्या महायुद्धामुळे वेल्सला जाणे अशक्य झाले आणि वायलर बाहेर पडले. मात्र बारा वर्षांच्या रॉडी मॅकडॉवलची ह्यूच्या भूमिकेसाठी केलेली त्यांची निवड कायम राहिली. कॅलिफोर्नियात मॅलिबूजवळच्या डोंगराळ भागात कलादिग्दर्शक रिचर्ड डे आणि नेथन जुरान यांनी दगडी घरांची रांग आणि खाणीची यंत्रणा उभारली. वेल्सच्या खोऱ्यांत खाणी सहसा दरीच्या तळाशी असत, येथे मात्र ती रस्त्याच्या वरच्या टोकाला आहे. वस्तुस्थितीला सोडून केलेल्या या बदलामुळे खाण घरांवर पहारा ठेवत असल्यासारखी दिसते. ठळक भूमिकांत वेल्समध्ये जन्मलेला नट ऱ्हिस विल्यम्स हाच. फोर्ड स्वतः आयरिश आईबापांचा मुलगा आणि सारा ऑलगुड, मॉरीन ओहारा, बॅरी फिट्झजेराल्ड हे कलावंतही आयरिश, त्यामुळे गाव वेल्सपेक्षा आयर्लंडचे वाटते हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. कामगारलढ्यावर भर देणारा पटकथेचा आधीचा मसुदा झॅनकने नापसंत केला होता. संप मॉर्गनांच्या घरातूनच अधिक दिसतो तो त्यामुळे.

दहा ऑस्कर नामांकनांपैकी चित्रपटाला पाच पुरस्कार मिळाले: सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, सहायक अभिनेता (ग्विलिमच्या भूमिकेतील डोनाल्ड क्रिस्प), कृष्णधवल छायाचित्रण (आर्थर मिलर) आणि कलादिग्दर्शन. त्याच वर्षी ऑर्सन वेल्स यांचा नावाजलेला ‘सिटिझन केन’ स्पर्धेत असल्यामुळे हा निकाल आजही वादाचा ठरतो, आणि त्या वादापायी हा चित्रपट न पाहताच बाजूला सारला जातो. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत (जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत) त्याचा समावेश झाला. मॅलिबूजवळचे ते नेपथ्य १९४३ साली स्टुडिओने आणखी एका चित्रपटासाठी वापरले. त्यात मॉर्गनांचे गाव नाझींनी व्यापलेले नॉर्वेतील खाणगाव झाले.